सळई किती ताणते?

घर बांधायला काढलेला माणूस दुकानात सळईबद्दल दोनच गोष्टी विचारतो : कंपनी कोणती आणि किलोला भाव काय. जाहिरातीही त्याला ताकदीच्याच गोष्टी ऐकवतात. नुसत्या ताकदीवर घर भूकंपात तरत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

‘एफई 500’ मधला आकडा ताकदीचाच आहे. दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन ताण येईपर्यंत सळई कायमची लांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे 12 मिलिमीटरच्या एका सळईला जवळजवळ पावणेसहा टन वजन टांगता येईल! पण त्याच्या पुढे ताण गेला तर?

तिथेच ‘एफई 500 डी’ वेगळी ठरते. ताकदीची अट तीच. पण आयएस 1786 या मानकानुसार साधी सळई तुटण्याआधी किमान 12 टक्के लांबली पाहिजे, ‘डी’वाली 16 टक्के. लांबता लांबता ती धक्क्याची ऊर्जा जिरवते. कॉलमला तडे जातात, तो वाकतो, तरी माणसांना बाहेर पडायला अवधी मिळतो. 1967 चा कोयनेचा भूकंप झेललेल्या राज्यात हा हिशेब परका नसावा.

हा चिवटपणा मुख्यतः भट्टीत ठरतो. फॉस्फरस आणि गंधक वाढले की पोलाद ठिसूळ होते. म्हणून साध्या सळईत प्रत्येकी 0.055 टक्के चालतात, ‘डी’मध्ये 0.040 च. जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवून सळ्या बनतात. इंडक्शन भट्टीतून फॉस्फरस सहजी निघत नाही, त्यामुळे भंगार निवडण्यातच निम्मी लढाई असते.

पुढे लालभडक सळईवर पाण्याचे फवारे मारतात. बाहेरची कड कठीण होते, गाभा मऊ राहतो, आणि गाभ्यातली धग बाहेर येत कडेचा ठिसूळपणा घालवते. हीच टीएमटी. साइटवर तीच सळई वाकवायला कोणी तापवतो, तेव्हा कारखान्यातल्या त्या मेहनतीवर बोळा फिरतो. रिंगांचे हूक 135 अंशांऐवजी 90 वर सोडून देणे ही आणखी एक सवय. भूकंपात असे हूक उघडतात.

बंडलाच्या टॅगवर ग्रेड आणि लॉट क्रमांक असतो. तो बिलावर उतरवणे दुकानदाराला सक्तीचे करावे आणि त्या लॉटचे चाचणी प्रमाणपत्र सळ्यांबरोबरच ग्राहकाच्या हाती द्यावे.