परोक्ष मोटारीची परीक्षा

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमेरिकेंत सॅन होझे येथें नोकरीस आहेत. गेल्या चैत्रांत त्यांचा टेलिफोन आला, "मोठेकाका, एक जुनी स्पोर्ट्स मोटार घेतों आहें. माझदा मियाटा, 1990 ची. आज होकार दिला नाहीं तर दुसरा कोणी नेईल." मोटार होती क्लीव्हलंड शहरीं, म्हणजे दोन हजार मैलांहून अधिक लांब. पाहिली होती ती केवळ छायाचित्रांत. चार वर्षांची शिल्लक चित्रांवर लावावयास निघालेल्या पुतण्यास मोटारींतलें आम्ही काय सांगणार? पण उभा जन्म परीक्षा घेण्यांत गेला, आणि विद्यार्थ्यानें स्वतःच तपासलेली उत्तरपत्रिका आम्हीं कधीं स्वीकारली नाहीं.

नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द हीं चार प्रमाणें मानतात. शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा; विकणारा गृहस्थ कितीहि सज्जन असो, या व्यवहारापुरता तो आप्त नव्हे. तेव्हां विकणाऱ्याशीं संबंध नसलेला तेथलाच एखादा मिस्त्री पैसे देऊन पाठवावा, एवढें आम्हीं सुचविलें. पुढचें त्यानेंच शोधून आम्हांस शिकविलें.

ही मोटार 1989 सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली. दोघांपुरती जागा, वर कापडी छप्पर. छपरावरचें पाणी दारांमागील नळ्यांतून खालीं जातें. त्या पाल्यापाचोळ्यानें बुजल्या कीं पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यांत मुरतें, आणि मागच्या चाकांच्या पुढें गंज आंतून धरतो. त्यांत क्लीव्हलंडकडे हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. बाहेरून रंग मात्र आरशासारखा! म्हणून गाडी उचलून खालून पाहावी, शंकेच्या जागीं लोहचुंबक लावावा. लांबीचा जाड थर भरलेला असेल तर तो धरत नाहीं.

इंजिन थंड असतांनाच सुरू करावें. आधीं तापवून ठेवलेलें इंजिन पुष्कळ दोष लपवितें. न्यायशास्त्रांतील पर्वतावरचा धूर एक अग्नि तेवढा सुचवितो. मोटारीचा धूर रंगावरून वाचावा लागतो. निळसर असेल तर तेल जळत आहे. पांढरा असून थांबतच नसेल तर इंजिन थंड ठेवणारें पाणी आंत शिरत असावें. चारहि सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा भरावा. टायमिंगचा पट्टा साठ हजार मैलांवर बदलावयाचा असतो, त्याची पावती मागावी. गाडीवरचा सतरा अक्षरांकांचा क्रमांक मालकीच्या कागदाशीं ताडावा.

मिस्त्री गेला. दाब सारखा, धूर नाहीं, पावत्या जागच्या जागीं. डाव्या बाजूस मागच्या चाकापुढें मात्र लोहचुंबक घसरून पडला.

"जुन्या गाडींत एवढें चालायचेंच," असें विकणाऱ्याचें म्हणणें पडलें. कदाचित् त्यासहि तें ठाऊक नसेल. गाडी त्याच्याकडे येऊन अवघें एक वर्ष झालें होतें. पुतण्यानें ती घेतली नाहीं. तपासणीचे पैसे गेलेच, आणि पुढें पंधरा दिवस तो आमच्याशीं जरा तुटकच बोलत होता.