भोळ्या यमूचे शहाणपण

भात झोडून झाले, की दुपारी जरा उसंत मिळते. अशा वेळी वाचावी अशी एक जुनी कादंबरी सांगते. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ती थोडी थोडी छापली.

यमू स्वतःच आपली कथा सांगते. वडीलधारी म्हणतील ते खरे, असे मानणारी ही भोळी पोर. लग्न झाल्यावर पती रघुनाथराव तिला लिहावाचायला शिकवतात. मुंबईच्या संसारात तिची नजर उघडते. तोंडाने धर्म बोलणाऱ्या शंकरमामंजींच्या पोटात काय आहे, हे तिला उमगते. पण पती जातात आणि तिचे केस बळजबरीने उतरवले जातात. शहाणपण आले, पण हाती हक्क नव्हता.

आमच्या भाईंदरकडे शेते आणि मिठागरे असलेल्या कितीतरी जागी आज इमारती आहेत. जमिनीला मोल आले, की घरात गोड बोलणारेही वाढतात. “ताई, एवढी सही कर,” म्हणतात आणि कागद निघतो हक्कसोडपत्राचा! २००५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. सोडायचा तर समजून सोडा. आधी सातबारा पाहा, कागद वाचा, मगच सही करा.

यमूला हक्क नव्हता. आपल्याला आहे. मग तिच्याइतके तरी शहाणे व्हायला नको का?