पऱ्हाटी जाळू नका, फुकटही देऊ नका



कापसाची शेवटची वेचणी आटोपली की कोरडवाहू मुलखात एकच चित्र दिसते. पऱ्हाटी उपटायची, चुलीपुरती घरी आणायची, थोडी बांधावर रचायची आणि उरलेली पेटवून द्यायची. वखराला रान मोकळे झाले, एवढाच आपला हिशेब. हा हिशेब अपुरा आहे, असे आमचे म्हणणे आहे. ज्याला आपण कचरा म्हणतो त्यातून साखर, इंधन आणि खत काढण्याची विद्या आता तयार आहे. ती नुसती कारखान्याच्या हाती राहणार की आपल्याही, हे आपणच ठरवायचे आहे.

आधी विद्या समजून घेऊ. पऱ्हाटी, तुराटी, ज्वारीचे धसकट या सगळ्यांचा सांगाडा सेल्युलोजचा असतो. सरकी काढलेली रुई तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. पऱ्हाटीत ही साखळी लिग्निन नावाच्या चिवट द्रव्यात जखडलेली असते, म्हणून ती लाकडासारखी टणक. ही साखळी तोडण्याचे काम बुरशी करते. बुरशीला ना तोंड, ना पोट. ती आपला पाचक रस बाहेर सोडते, काडी बाहेरच पचवते आणि सुटलेली साखर शोषून घेते. त्या रसातले तोडणारे द्रव्य म्हणजे विकर, म्हणजेच एन्झाइम.

बहुतेक बुरशी ४० अंशांच्या पुढे मान टाकतात. पण मोजक्या जाती अशा आहेत की त्यांना ४५ ते ५० अंशांची ऊब मानवते, ६० अंशांपर्यंत त्या तग धरतात आणि २० अंशांच्या खाली वाढतच नाहीत. ओल्या गवताची गंजी आपोआप का तापते, याचा शोध घेताना ह्यूगो मीहे या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ साली अशा जातींचा अभ्यास मांडला. आपल्याकडे त्या शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. खताचा ढीग उकरला की वाफ निघते आणि आत हात घालवत नाही, तिथेच त्यांची वस्ती असते.

कारखानदाराला या बुरशींचे मोल कळले, कारण त्यांचे विकर उष्णतेत लवकर नासत नाही. ह्युमिकोला इन्सोलेन्स ही अशीच एक बुरशी. तिचे विकर कपडे धुण्याच्या पावडरीत आणि जीन्स फिकट करण्यासाठी वापरतात. म्हणजे आपल्याच कापसाच्या कापडावर उकिरड्यातल्या बुरशीचा रस फिरतो आणि भाव चढतो! काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढतानाही आधी वाफेने काडी फोडतात आणि मग विकर सोडून तिची साखर करतात. पानिपतला १० ऑगस्ट २०२२ रोजी असा सरकारी तेल कंपनीचा कारखाना सुरू झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचे, ही त्याची आखणी. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या कंपनीचे आहे. आज पेंढा घेतला, उद्या पऱ्हाटीही मागतील.

मागू द्या. आमचा कारखान्याला विरोध नाही, फुकट देण्याला आहे. "नाहीतरी जाळताच ना, मग घेऊन जातो," असे कोणी म्हणाले तर भुलू नका. पऱ्हाटीबरोबर शेतातला कर्ब, नत्र आणि पालाश गाडीत बसून जातो. उपटणीची मजुरी, कुट्टी, वाहतूक आणि गेलेला कस, एवढे धरून वजनावर भाव ठरला पाहिजे. कडब्याचा तर विषयच नको. तो बैलांचा घास आहे.

विकण्याआधी आणखी एक हिशेब मांडा. १९२४ साली इंदूरला कापसाच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली. तिथे आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी याच पऱ्हाटीचे खत केले आणि १९३१ साली ती पद्धत पुस्तकरूपाने छापली. टणक पऱ्हाटी आणि तुराटी ते शेतातल्या रस्त्यावर अंथरत आणि गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग शेण, मूत आणि माती मिसळून ढीग लावत. ढीग ६५ अंशांपर्यंत तापे आणि नव्वद दिवसांत ३३ अंशांवर उतरून खत तयार होई. पुढे आपल्या पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदाची पद्धत गावोगाव नेली.

यातून धडा काय? बुरशी ढिगात असतेच, तिला सोय करून द्यावी लागते. काडी बारीक हवी, शेणकाला हवा, ढीग निदान तीन फूट उंच हवा, आत हवा खेळायला हवी आणि ओल अशी की मुठीत दाबले तर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. हे नसेल तर महागड्या कल्चरची बाटली कोरड्या पऱ्हाटीवर ओतून उपयोग नाही. हे असेल तर जुन्या ढिगातले टोपलीभर गरम, अर्धवट कुजलेले खत विरजणासारखे कामाला येते.

उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचे, हा कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे. म्हणून वेचणी संपताच कुट्टी करून ठेवा आणि पहिल्या पावसाबरोबर ढीग लावा. कुट्टीचा दुसरा फायदाही मोठा. उभी रचलेली पऱ्हाटी न उमललेल्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी सांभाळून ठेवते, आणि २०१७ साली त्या अळीने काय केले ते विदर्भाला सांगायला नको.

चुलीचा वाटा आधी काढा, तो मायबहिणींचा हक्क आहे. उरलेल्याची गोष्ट मात्र एकेकट्याने होणारी नाही. कुट्टीचे यंत्र एकट्याला परवडत नाही. म्हणून जिल्हा मेळाव्यात ठराव करू: गावच्या अवजारे बँकेत पऱ्हाटीची कुट्टी करणारे यंत्र असावे. कृषी विद्यापीठांनी ढीग कुजवणारे कल्चर आपल्या कोरडवाहू रानात तपासून खर्चाच्या किमतीत द्यावे. कारखाना आलाच तर करार वजनाचा आणि भावाचा असावा, उपकाराचा नको.

तोवर पऱ्हाटीला काडी लावू नका.