पाठीची माती आणि निकालाचे कारण

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर सदुसष्टाव्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवट ज्या रीतीने झाला, तिच्याविषयी आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. त्याने चित्रफीत पाहण्याची मागणी केली, पण निर्णय बदलला नाही. पुढच्या बाचाबाचीत त्याने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. त्याच रात्री किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड याने गुणावरून आक्षेप घेऊन वेळ संपण्यापूर्वीच मैदान सोडले आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे व गायकवाड या दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केले. राक्षे हा काही नवखा मल्ल नव्हे. २०२३ मध्ये जानेवारीत पुण्याला आणि नोव्हेंबरात धाराशिवला असा दोनदा तो महाराष्ट्र केसरी झालेला होता.

सावेडीत राहून मराठी साहित्य शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी या प्रकरणात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा वाद वरवर कुस्तीचा असला तरी मुळात तो निर्णय कसा द्यावा आणि कसा वाचावा याचा आहे. आणि निर्णय देणे व वाचणे हा तर आमचा रोजचा व्यवसाय. उत्तरपत्रिका तपासणारा, पुस्तकाचे परीक्षण लिहिणारा, पुरस्काराच्या समितीवर बसणारा माणूस हा एका परीने पंचच असतो.

त्या घटनेनंतरच्या दिवसांत आमच्या वर्गांतून जे बोलले गेले, त्यात एक गोष्ट आम्हांला सारखी खटकत होती. मुलांचे सरळ दोन तट पडले होते. एका तटाचे म्हणणे, राक्षेवर अन्याय झाला, म्हणून त्याने केले ते बरोबर. दुसऱ्याचे म्हणणे, त्याने पंचाला लाथ मारली, त्या अर्थी तो हरलेलाच होता. दोन्ही वाक्यांत ‘म्हणून’ आणि ‘त्या अर्थी’ हे शब्द चुकीच्या जागी पडले आहेत, हे कोणाच्याच ध्यानात येत नव्हते. खांदे टेकले की नाही हा एक प्रश्न आहे. पंचावर पाय उगारावा की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी दुसऱ्याचे बदलत नाही: पंचाला लाथ मारणे गैरच. आणि दुसऱ्याचे उत्तर कितीही स्पष्ट असले तरी त्याने पहिला प्रश्न मिटत नाही. त्या निर्णयाच्या चौकशीसाठी समितीही नेमली गेली, हे खरे. परंतु मल्लाच्या वर्तनाची शिक्षा तत्काळ आली आणि निर्णयाचा विचार मागाहून. या क्रमामुळे प्रेक्षकांच्या मनात दोन्ही प्रश्नांची जी सरमिसळ झाली, ती पुढे सुटली नाही.

आपल्या भाषेकडे पाहिले तर या गोंधळाचे मूळ थोडेसे उलगडते. पाठीला माती न लागलेला मल्ल, असे आपण अजिंक्य पैलवानाविषयी म्हणतो. हा निव्वळ अलंकार नव्हे. तांबड्या मातीच्या हौद्यात निकाली कुस्ती व्हायची तेव्हा मल्लाच्या पाठीवरची माती हाच निकालाचा पुरावा असे. चारी बाजूंनी बसलेल्या माणसांना तो पाहता येई. तिथेही वाद होत, कुस्त्या बरोबरीत सोडवाव्या लागत, हे आम्ही विसरत नाही. परंतु निकालाचे कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. गादीवर पाठीला काहीच लागत नाही. खांदा क्षणभर टेकला की नुसता घासून गेला, हे पंचांनी पाहायचे आणि इतरांनी मानायचे. म्हणजे मातीने जे काम मुकाट्याने केले ते आता पंचांना शब्दांनी करावे लागणार. कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूने, काय दिसले, हे सांगितले गेले नाही की त्या रिकाम्या जागेत लोक आपापली गोष्ट भरतात. दुहेरी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली, तीही याच रिकाम्या जागेतून आली, असे आम्हांला वाटते.

कारण न देता दिलेला निर्णय किती ठिसूळ असतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण मुष्टियुद्धाच्या इतिहासात आहे. २८ एप्रिल १९६७ रोजी मुहम्मद अली यांनी ह्यूस्टन येथे अमेरिकी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्यांचे विजेतेपद काढून घेण्यात आले, परवाने गेले, आणि जून १९६७ मध्ये न्यायालयाने पाच वर्षांची कैद व दहा हजार डॉलर दंड सुनावला. अपील चालू असल्याने ते तुरुंगात गेले नाहीत, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य अशा एकमताने ती शिक्षा रद्द केली. हा अलींच्या मतांचा विजय होता, असे आपण समजतो. प्रत्यक्षात मुद्दा अगदी कोरडा होता. सैन्यभरतीतून सूट मागणारा त्यांचा अर्ज ज्या अपील मंडळाने फेटाळला होता, त्याने तो कोणत्या कारणासाठी फेटाळला हे लिहिलेच नव्हते. संभाव्य कारणे तीन होती, त्यांतली दोन टिकणारी नव्हती हे सरकारनेच मान्य केले होते. मग मंडळाने नेमके कोणते धरले, हे कळायला वाव नव्हता. एक न लिहिलेले वाक्य, आणि त्यापायी एवढा सारा खटला कोसळला.

आता याच्या उलट बाजूचे, आपल्या जवळचे उदाहरण घ्यावे. २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवडला गेला. सुशील कुमारने निवड चाचणी मागत दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ती याचिका ६ जून २०१६ रोजी फेटाळली गेली. पुढच्याच महिन्यात नरसिंग उत्तेजक चाचणीत दोषी आढळला. आपल्या खाण्यात कोणीतरी काही मिसळले, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने १ ऑगस्टला मानले. परंतु १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने ते नाकारून चार वर्षांची बंदी घातली. महाराष्ट्र हळहळला, आणि घातपाताची कथा आजही पुष्कळांना खरी वाटते. तथापि लवादाने आपले कारण सांगितले होते. घातपाताचा खरा पुरावा पुढे आलेला नाही, आणि ते द्रव्य गोळीच्या रूपाने एकाहून अधिक वेळा घेतले गेले असण्याचीच शक्यता अधिक आहे, असे ते कारण. ज्याला हा निर्णय पटत नाही त्याने या दोन वाक्यांना उत्तर द्यावे. ते अवघड आहे, पण निदान कशाला उत्तर द्यायचे ते ठाऊक आहे. वाडिया पार्कच्या त्या रात्री राक्षेला, मोहोळला आणि खुद्द पंचांना एवढेही मिळाले नाही. मोहोळची हानी तर सहसा कोणी मोजत नाही: जिंकलेल्या गदेवर दुसऱ्याच्या तक्रारीची सावली घेऊन त्याला वावरावे लागते.

निर्णयाची वाट न पाहता गोष्ट रचण्याची सवय केवळ आखाड्यापुरती राहत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख उपांत्य लढतीत महेंद्र गायकवाडकडून हरला, तेव्हा चार गुणांच्या एका निर्णयावरून समाजमाध्यमांत वादळ उठले, त्याला धर्माचा रंगही दिला गेला, आणि पंचांना धमकी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुस्तीच्या संघटनांत फूट असल्यामुळे दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले: धाराशिवला राक्षे, फुलगावला सिकंदर. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस त्याच सिकंदरला पंजाब पोलिसांनी अवैध शस्त्रांच्या प्रकरणात अटक केली आणि नोव्हेंबरात त्याला जामीन मिळाला. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि जामीन म्हणजे निर्दोषत्वही नव्हे. पण त्या आठवड्यात कोणी त्याला गुन्हेगार म्हणून टाकले, तर कोणी हुतात्मा केले. पोवाडा आणि पोलीस-बातमी या दोहोंच्या मधली, ‘अद्याप ठरायचे आहे’ असे म्हणणारी शैली आपल्या सार्वजनिक मराठीत रुजलेलीच नाही की काय, अशी शंका आम्हांला येते.

खेळात निर्णय तत्क्षणी व्हावा लागतो, तिथे निकालपत्रे लिहीत बसता येत नाही, असा आक्षेप रास्त आहे. पंचाचा शब्द अंतिम असावा, हेही आम्हांला मान्य. पण अंतिम असणे आणि अबोल असणे या एक गोष्टी नव्हेत. तत्क्षणी निर्णय द्यावा. चित्रफीत उपलब्ध असेल तर ती पाहावी. आणि चार वाक्यांचे कारण दुसऱ्या दिवशी का होईना, लेखी प्रसिद्ध करावे. एवढ्याने लाथ समर्थनीय ठरणार नाही, पण लाथेला मिळणाऱ्या टाळ्या कमी होतील.

आणि ही अपेक्षा कुस्तीगीर संघाकडून करताना आम्ही आमच्याकडेही पाहिले पाहिजे. उत्तरपत्रिकेवर नुसता आकडा टाकून मोकळे होणारे परीक्षक, ‘सामान्य कृती’ एवढाच शेरा मारून कवितासंग्रह बाजूला सारणारे समीक्षक, निवडीचे निकष न सांगता पुरस्कार जाहीर करणाऱ्या समित्या, हे सारे आपल्याच वर्तुळातले आहेत. विद्यार्थ्याला किंवा लेखकाला लाथ मारता येत नाही, म्हणून आमच्या निकालांचा बोभाटा होत नाही, इतकेच. यंदाच्या अंतर्गत परीक्षेपासून प्रत्येक उत्तरपत्रिकेवर गुणांबरोबर निदान एक वाक्य कारणाचे लिहायचे, असे आमच्या विभागात ठरले आहे. पत्रिकांचे गठ्ठे मोठे आहेत आणि वेळ थोडा, हे आम्ही जाणतो. तरीही ते एक वाक्य लिहिले पाहिजे.