नाचणी, गोमा आणि वाकळ : आफ्रिकी वारशाचा एक उपेक्षित धागा

नेसरीचे नाव घेताच मराठी वाचकाला १६७४ मधील प्रतापराव गुजरांचे बलिदान आठवते. त्याच परिसरातील ताटात येणारी नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातील असून काही सहस्र वर्षांपूर्वी ती या उपखंडात आली, ही गोष्ट मात्र वाङ्मयाभ्यासाच्या कक्षेबाहेरच राहते. धान्य वनस्पतिशास्त्राकडे आणि हबशी लढायांच्या इतिहासाकडे, अशी विभागणी रूढ झाली आहे. मलिक अंबर (मृत्यू १६२६) आणि जंजिऱ्याचे सिद्दी एवढ्यावरच मराठी मनातील आफ्रिका संपते. तीही बहुधा शत्रुपक्ष म्हणून.

कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांचा वारसा मात्र चुलीपाशी, वाद्यांत आणि पोशाखात शोधला गेला. त्रिनिदादमध्ये १८८० च्या दशकात ढोलांवर निर्बंध आले, तेव्हा लोकांनी बांबूच्या नळ्यांवर ताल धरला आणि १९३० च्या दशकात पोलादी डबे-पिंपांतून नवे वाद्य घडविले. तेथेही शुद्धतेचा आग्रह टिकत नाही. मार्टिनिक, डोमिनिका येथील स्त्रियांचे चौकड्यांचे शिरोवस्त्र ज्या कापडाचे, ते मूळचे मद्रासचे!

हीच दृष्टी उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-येल्लापूरच्या सिद्दींकडे वळवावयास हवी. त्यांपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातील गुलामीतून निसटलेले, असे मानले जाते. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या स्त्रिया जुन्या वस्त्रांचे तुकडे जोडून कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्यांची 'फुले' लावतात. फुलांवाचून ती अपुरी समजली जाते. कोल्हापूरकडच्या वाकळेशी तिचे नाते उघड आहे. तेव्हा कवंदी आफ्रिकी की दख्खनी, हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. गुजरातेतील सिद्दींच्या 'गोमा' नृत्याचे नाव स्वाहिलीतील 'ङोमा' म्हणजे ढोल वा नृत्य या शब्दाशी जुळते, आणि त्यांचा मलुंगा हा धनुष्याकृती तंतुवाद्यप्रकार ब्राझीलच्या बेरिंबाऊचा सख्खा भाऊबंद शोभतो; परंतु तो सुफी पिरांच्या दर्ग्यात वाजतो.

ओव्यांच्या संकलनासाठी गावोगाव फिरणाऱ्या मराठी विभागांनी हल्याळची वस्ती 'कानडी मुलुख' म्हणून वगळणे समर्थनीय नाही. तेथील सिद्दींची घरची बोली कोकणी आहे; नेसरी-चंदगडच्या विद्यार्थ्याला तेथे ध्वनिमुद्रण करताना दुभाष्याची फारशी गरज भासू नये.