पाळायला काय जातं?

ग्रहण आलं की आमच्या ऑफिसमधले भलेभले इंजिनिअर गरोदर बायकोला खोलीत बसवून ठेवतात. सुरी नको, सुई नको, पडदे लावा. विचारलं की उत्तर एकच, "आपला विश्वास नाही रे, पण पाळायला काय जातं?"

काय जातं ते सांगतो. गोष्ट राजुऱ्याची आहे, आमच्या घरचीच.

26 डिसेंबर 2019 ला सकाळी सूर्यग्रहण होतं. चुलतवहिनीचा आठवा महिना संपत आलेला. घरात पाहुणे, तिने वांगी चिरली. जानेवारीअखेर मुलगी झाली आणि तिच्या डाव्या हाताला अंगठाच नव्हता. झालं! शेजारच्या काकूंनी निकाल देऊन टाकला, "ग्रहण पाळलं नाही तिनं, मंग काय होईन?" वहिनी पुढची साडेतीन वर्षं मान खाली घालून वावरली.

आता आपल्या भाषेत बोलू. बग आला की आपण आधी टाइमस्टॅम्प बघतो ना? गर्भाला हात फुटतात साधारण चौथ्या आठवड्यात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी झालेली असतात. म्हणजे हा अंगठा राहिला जून 2019 मध्ये. वांगी चिरली डिसेंबरात! जूनमधल्या बगचं खापर डिसेंबरच्या कमिटवर फोडणारा आपल्या टीममध्ये किती दिवस टिकेल?

बरं, नुसती बदनामी झाली असती तरी एक वेळ... पण कारण 'सापडलं' म्हटल्यावर शोध थांबला. ज्या दवाखान्यात दाखवलं तिथेही फक्त अंगठाच बघितला. छातीला स्टेथोस्कोप नीट लागला तो 2023 मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं तेव्हा. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं.

अंगठा आणि हृदय यांचा काय संबंध? 12 व्या गुणसूत्रावर टीबीएक्स-5 नावाचं जनुक आहे. ते इतर जनुकांना चालू-बंद करणारं प्रथिन बनवतं आणि ते प्रथिन गर्भाच्या हृदयात आणि हातांत, दोन्हीकडे वापरलं जातं. एकच लायब्ररी, दोन मॉड्यूल. पायांचं काम मुख्यतः टीबीएक्स-4 बघतं, म्हणून पाय ठणठणीत. मेरी होल्ट आणि सॅम्युएल ओराम या लंडनच्या डॉक्टरांनी 1960 मध्ये असं एक कुटुंब नोंदवलं, म्हणून नाव होल्ट-ओराम सिंड्रोम. जनुक सापडलं 1997 मध्ये. लाखात एखाद्यालाच होतो, पण झालेल्या चारांपैकी साधारण तिघांच्या हृदयात दोष असतो. छिद्र नसलं तरी ठोक्यांची वायरिंग पुढे बिघडू शकते.

नागपूरच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचे हात बघायला मागितले. दादाच्या अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरं! आयुष्यभर आम्ही त्याला 'लांब अंगठ्या' चिडवत आलो. मोठ्या काकांचा अंगठाही तसाच होता, आणि त्यांना पन्नाशीतच पेसमेकर बसला होता. रक्ताच्या तपासणीत जनुकातला बदल दादाकडे निघाला, वहिनीकडे नाही.

मग आता दादाला धरायचं का? मुळीच नाही. आईबापांपैकी एकाकडे बदल असला की प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. पुष्कळदा तर तो आईबाप दोघांकडेही नसतो, बाळातच नव्याने होतो. यात गुन्हेगार कोणीच नसतो. काकूंना एक हवा होता, आणि तो नियमाने आयता पुरवला.

म्हणून सांगतो, पाळायला खूप काही जातं. पाळलं आणि बाळ धडधाकट झालं तर श्रेय ग्रहणाच्या नियमाला, नाहीतर दोष आईला. हा खेळ आपण सुशिक्षित लोक 'काय जातं' म्हणत चालू ठेवतो आणि राजुऱ्यातली एखादी वहिनी त्याची किंमत मोजते.

पुतणीचं ऑपरेशन झालं, आता शाळेत जाते. असो. पुढच्या ग्रहणाला खुशाल भाजी चिरा. आणि कुठल्या बाळाचा अंगठा वेगळा दिसला तर आईला काही विचारू नका, बाळाच्या हृदयाचा इको करून घ्या.