वॉशिंग मशीनवर कोड आला? आधी नळाकडे बघा

गेल्या महिन्यात आमचं वॉशिंग मशीन मध्येच थांबलं. डिस्प्लेवर कोड, आत भिजलेल्या चादरी. कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याने मागचा पाइप सोडला, तोंडाशी असलेली जाळी जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. पाच मिनिटांचं काम, व्हिजिट चार्ज साडेचारशे रुपये. हे मलाही जमलं असतं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

कोड आला म्हणजे मशीन बिघडलंच असं नाही. पाणी वेळेत भरलं नाही, उपसलं गेलं नाही किंवा कपडे एका बाजूला गोळा झाले, तरी मशीन थांबतं. एलजीच्या मशीनवर 'आयई' म्हणजे पाणी येत नाही, 'ओई' म्हणजे पाणी जात नाही, 'यूई' म्हणजे कपड्यांचा तोल बिघडला. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलवर पहिल्या दोन्हींसाठी '४सी' आणि '५सी' दिसतं.

आपल्याकडे पाणी न येण्याचं कारण अनेकदा मशीनबाहेर असतं. सोसायटीची टाकी धुतली की गाळ जाळीत अडकतो. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचतात. सर्वांत वरच्या मजल्यावर तर टाकी डोक्यावरच, त्यामुळे पाण्याला दाबच नसतो. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनपेक्षा साधारण ३ ते ५ मीटर उंचीवर हवं. तिथे मेकॅनिक काय करणार? प्रेशर पंपच लागतो.

पाणी जात नसेल तर आधी ड्रेन पाइप दुमडलाय का ते पाहा. फ्रंट लोडमध्ये खाली छोटं झाकण असतं, त्यामागच्या फिल्टरमध्ये नाणी, पिना, कधी बाळाचा मोजाही सापडतो. प्लग काढून, पाणी गार झाल्यावर, खाली परात ठेवूनच तो उघडा. तोल बिघडला असेल तर कपडे सारखे पसरा. एकटं ब्लँकेट टाकू नका. जळका वास किंवा शॉक बसत असेल, तर मात्र काहीही उघडू नका. मेकॅनिकलाच बोलवा.

माझी तक्रार कंपन्यांबद्दल आहे. हे चार-पाच कोड मराठीत छापून झाकणावर चिकटवायला किती खर्च येतो? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हाच त्याचा हेतू. पण ती माहिती इंग्रजी पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर असेल, तर भिजलेले कपडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?